पाच पट्ट्यांची खुर्ची

गुरुवार, २ जानेवारी २०२५

चेतनाची रजा संपली. आज सूनबाई बँकेत गेली, पण दारापर्यंत जाऊन पुन्हा पुन्हा मागे आली. आधी डबा विसरला म्हणून, मग चावी राहिली म्हणून, आणि शेवटी कशासाठी आली ते तिलाही सांगता येईना. अनीश माझ्या कडेवर होता. त्याच्या गालाला हात लावून म्हणाली, "आई, जमेल ना तुम्हाला?" मी आयुष्यभर पहिलीचा वर्ग सांभाळलाय, एका खोलीत पन्नास पोरं. म्हटलं, "एका पोराचं काय घेऊन बसलीस? जा, बस चुकेल."

जमलं. एक भरवणं सोडलं तर सगळं जमलं. उष्टावण झाल्यापासून साहेबांना पेज लागते, आणि ती मांडीवर घेऊन भरवताना अर्धी माझ्या साडीला जाते. शिवाय माझा उजवा गुडघा. सुबोध कधीपासून म्हणतोय, बाळाची उंच खुर्ची घेऊ. मी हसण्यावारी नेत होते. आमच्या वेळी पायांचाच पाट करायचो. पण आज गुडघ्याने माझी बाजू सोडली. रविवारी नवी पेठेत जायचं ठरलंय.

आणि आजची मुख्य बातमी. दुपारी अनीश झोपून उठला तेव्हा त्याला मांडीवर घेऊन देवघरासमोर बसले. "जय कर बाप्पाला," म्हणत त्याचे हात जुळवून दाखवले. मग मी हात सोडले, आणि पठ्ठ्याने आपण होऊन मान खाली घातली, हात पुढे आणले. थोडं थांबून परत. परत. सहा महिन्यांचं पोर! पहिलीतली पोरं एक ओळ शिकायला आठवडा लावायची, हा एका दुपारीत शिकला. संध्याकाळी दोघांना सांगितलं तर सुबोध म्हणाला, "विद्यार्थी कुणाचा?" मला फार बरं वाटलं.

रविवार, ५ जानेवारी

खुर्ची घेतली. दुकानदार गुरुशांत म्हणून आहे, त्याने अख्खा माळा खाली उतरवला. मी वह्या तपासाव्यात तशा खुर्च्या तपासल्या. एकीची गादी कापडी, म्हणजे रोज धुणं. एकीच्या ट्रेला नक्षी, म्हणजे खाचेत भात अडकून वास. एकीला चाकं. सुबोधला चाकंच हवी होती, मी म्हटलं, गाडी घ्यायला आलोय का? शेवटी पिवळी प्लॅस्टिकची, पुसता येणारी गादी, पाय रुंद, कमरेला एक पट्टा. ट्रे एका हाताने निघतो.

चेतनाने सगळ्या दुकानात एकच विचारलं, "मानेला आधार आहे का?"

गुरुशांत हसला. "सहा महिन्याचं लेकरू मान धरतंय की मॅडम. आधार कशाला?"

"धरायचा," चेतना म्हणाली.

"धरतो," मी म्हटलं. "धरायचा म्हणजे पूर्वी धरत होता, आता धरत नाही, असा अर्थ होतो. काळ बघून बोल."

ती पुढच्या खुर्चीकडे वळली. रिक्षात मला जरा वाईट वाटलं. पण शाळा सुटली तरी शाळेतलं बाईपण जात नाही. चुकीचा काळ ऐकला की जीभ शिवशिवते.

गुरुवार, ९ जानेवारी

खुर्ची छान आहे असं लिहायचं होतं, पण नाही. ट्रे फार जवळ आहे. अनीश जय करायला वाकतो आणि कपाळ ट्रेवर आपटतं. सकाळी लाल झालं होतं. मी ट्रेला जुन्या टॉवेलची घडी बांधली.

हल्ली जय पुष्कळ करतो. उठला की लगेच सुरू. मी सांगितलं तर करत नाही, मनात आलं की करतो, आणि सुरू झाला की पारायणाला बसल्यासारखा एकामागून एक. मधेच एखादा बारीक आवाज काढून रडतो, मग परत वाकतो. खालच्या मजल्यावरच्या अजीजाबी शीरखुर्म्याची शेवई द्यायला आल्या होत्या, त्यांनी हे पाहिलं आणि दारातच थांबल्या.

"माशाल्ला! प्रभाताई, तुमचा नातू सलाम करराय की!"

"सलाम नाही, जय करतोय. देवघर आहे समोर."

"नक्को, नक्को. मी आले तवा केला. मलाच केला."

आम्ही दोघी बराच वेळ त्यावरून भांडलो आणि हसलो. शेवटी ठरलं की पोरगा दोन्ही करतो. जाताना त्या म्हणाल्या, "लई गुणी हाय. रडणं न्हाय, हट्ट न्हाय." गुणी आहे खरा. खुर्चीत ठेवला की जिथे ठेवला तिथे. पूर्वी वाटी दिसली की हात मारायचा, आता तेही करत नाही. समजूतदार झालाय.

रविवार, १९ जानेवारी

बोरन्हाण झालं. बिल्डिंगमधल्या सगळ्या आल्या होत्या. हलव्याचे दागिने मी स्वतः केले, मुकुट, बाजूबंद, हातात बासरी. काळं झबलं. पाटावर बसवला तर एका अंगाला कलंडत होता, म्हणून त्या पिवळ्या खुर्चीत बसवला. चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे डोक्यावरून ओतले. बाकीची पोरं खाली लोळून गोळा करत होती. अनीश मात्र ढिम्म. नुकताच झोपून उठला होता.

आणि मग सुरू झाला. मुकुट घातलेलं ते डोकं खाली, हात पुढे. वर. परत खाली. बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "जय करतोय! बघा बघा, सगळ्यांना जय करतोय!" कुणीतरी व्हिडिओ काढला. मी ओरडून सांगत होते की हे मी शिकवलंय. टाळ्यांच्या तालावर करतो का म्हणून सगळ्या हळू वाजवू लागल्या, तर त्याचं आपलं त्याच्याच तालावर चाललेलं. मुकुट पडून फुटला तरी थांबेना.

चेतना एकटी टाळ्या वाजवत नव्हती. पुढे झाली, पट्टा सोडला आणि त्याला उचलून आतल्या खोलीत गेली. पाहुण्यांसमोर मला ते बरं दिसलं नाही. मागे गेले तर त्याला पोटाशी धरून उभी.

"आई, धरला तरी थांबत नाहीये. माझ्या हातातसुद्धा करतोय."

"गर्दीने घाबरला असेल."

"माझ्याकडे बघ म्हटलं तर बघत नाहीये. आधी मी घरात आले की हसायचा."

हसायचा. परत तोच काळ. या वेळी मी दुरुस्त केलं नाही, बाहेर बायका थांबल्या होत्या.

मंगळवार, २१ जानेवारी

घरात पहिल्यांदा आवाज चढले. चेतना म्हणते, डॉक्टरांना दाखवू. मी विचारलं, "काय सांगशील? आमचं बाळ देवाला नमस्कार करतं, औषध द्या?" सुबोधला हसू आलं. ती हसली नाही. सुबोध म्हणाला, "मार्चमध्ये लसीकरण आहेच, तेव्हा विचारू की." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो टीव्ही लावायला उठला.

मला खरं कारण कळतं. दिवसभर पोर माझ्याजवळ असतं, त्याला माझी सवय लागली, आईला विसरतोय. कोणत्या आईला ते सहन होईल? मी तिला तसं बोलून दाखवलं नाही. उलट म्हटलं, खुर्चीचाच दोष आहे. पाठ फार सरळ आहे, पोराला बसता येत नाही, म्हणून पुढे झुकतो. खुर्ची बदलून आणू.

हे खरंच आहे. निदान अर्धं तरी.

शुक्रवार, २४ जानेवारी

गुरुशांतने खुर्ची बदलून दिली, कुरकुर केली पण दिली. ही नवी मागे कलते, ट्रे लांब आहे. आता कपाळ आपटत नाही. पण अनीश घसरतो. भरवता भरवता कमरेतून खाली सरकतो आणि पट्टा बगलेत येतो. वर ओढून बसवलं की परत खाली. सकाळी अर्धी वाटी पेजेला तासभर लागला. गिळायचंसुद्धा विसरतो की काय असं वाटलं.

आज एक करून पाहिलं. त्याच्या मागे जाऊन स्टीलचं ताट खणकन जमिनीवर टाकलं. दचकला. म्हणजे ऐकू येतं, कान उत्तम आहेत. मग समोर येऊन खुळखुळा वाजवला. त्याने खुळखुळ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होता. पलीकडे भिंत आहे.

मी हे का करून पाहिलं ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी कुणाला सांगितलंही नाही.

सोमवार, २७ जानेवारी

तिसरी खुर्ची ऑनलाइन मागवली. चेतनाने शोधली. रात्री जेवण झाल्यावर मोबाइल घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली, पुष्कळ दिवसांनी अशी जवळ बसली. लाकडी, पाठ उंच, पाय ठेवायला फळी, आणि पट्टे पाच: दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, एक पायांमधून. विमानात बांधतात तसा बांधायचा. मला वाटलं एवढं बांधून ठेवायला तो काय पळणारे का? पण म्हटलं, छान आहे. घसरणार नाही, वाकणार नाही, कपाळ आपटणार नाही.

"आई, यात बसवून समोरासमोर भरवायचं," ती म्हणाली. "तुम्ही त्याला कायम मांडीवर पाठमोरा घेता. तो देवघराकडे बघतो आणि तुम्ही त्याच्या टाळूकडे."

बोलण्यात टोचणी नव्हती, तरी मला टोचलं. पण खरं आहे. जय करताना त्याचं तोंड मी कधी पाहिलंच नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

खुर्ची काल आली. सुबोधने जोडली. आज दोघंही कामावर.

दुपारी तो उठल्यावर स्वयंपाकघरात खुर्ची ठेवली, देवघर त्याच्या पाठीमागे. पाचही पट्टे लावले. छातीवरचं बक्कल टक् वाजलं तेव्हा मला बरं वाटलं, आता पक्कं झालं. मी समोर स्टूल घेऊन बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. खिमटाचा पहिला चमचा उचलला.

तेव्हा सुरू झालं.

त्याला वाकता येत नव्हतं. पट्ट्यांनी अंग धरलं होतं. पण ते जे काही आहे ते थांबलं नाही. खांदे पट्ट्यांवर आदळले, हात कुणीतरी आतून दोरी ओढावी तसे ताठ पुढे आले, आणि डोळे वर गेले. पांढरे. क्षणभर. मग सगळं सैल. त्याचा चेहरा रडवेला झाला, ओठ वाकडे झाले, त्याने एक बारीक आवाज काढला. मी "अनीश" म्हटलं. परत खांदे, परत हात, परत ते डोळे. समोर देव नव्हता. अजीजाबी नव्हत्या. टाळ्या नव्हत्या. मी होते, आणि मी त्याला दिसत नव्हते.

मी बक्कल सोडायला गेले तर ते बोटांना सापडेना. चमचा माझ्याच हातात होता.

नमस्कार नाही हा. कधीच नव्हता. मी महिनाभर माझ्या मांडीवर या पोराचं हे असं होत असताना "शहाणा माझा" म्हणत बसले.

चेतनाला फोन केला. म्हटलं, "तू म्हणत होतीस ते खरं आहे. ये." "निघालेच," ती म्हणाली. तो पूर्वी कसा हसायचा ते मी तिची वाट बघताना आठवत होते, आणि हे लिहिताना मीही हसायचा असंच लिहिलं आहे. तिचा काळ बरोबर होता.

सोमवार, ३ फेब्रुवारी

दवाखान्यात आहोत. काल रविवार असूनही लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण आहेत, माझ्या शेवटच्या वर्गातल्या पोरींच्या वयाच्या. चेतनाने बोरन्हाणाचा व्हिडिओ दाखवला. खोलीत माझाच आवाज घुमला, "मी शिकवलंय, मी!" आणि टाळ्या. डॉक्टरांनी आवाज बंद करून पहिल्यापासून परत पाहिला. आवाज नसला की तो काय आहे ते कुणालाही कळलं असतं.

"हे झटके आहेत," त्या म्हणाल्या. "लहान बाळांमधली आकडीच, पण दिसते वेगळी. पुष्कळ घरांना वाटतं बाळ दचकतंय, पोटात दुखतंय. कधीपासून आहे?"

"बोरन्हाणापासून," चेतना म्हणाली.

दोन जानेवारीच्या संध्याकाळी मी कौतुकाने सांगितलेलं दोघांनाही आठवत नव्हतं; मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. माझ्या मनात ते आलं, ते मी इथे लिहिते. मग म्हटलं, "नाही. दोन जानेवारीपासून. मला वाटलं, मी शिकवलं."

सुबोधने मान फिरवली. चेतना माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं, त्या रागावल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं. मी विचारलं, "महिनाभर उशीर झाला, त्याने काय फरक पडतो?"

"पडतो," त्या म्हणाल्या. "किती, ते आज मला सांगता येणार नाही. आता एक दिवसही घालवायचा नाही."

आज डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख काढला. चेतनाने त्याचं डोकं धरलं. मला बाहेर थांबा म्हणाले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

घरी आलो. औषध सुरू आहे. फार कडू आहे, आणि त्याने पोर चिडचिडं होईल, भूक वाढेल, तोंड सुजेल असं आधीच सांगितलं होतं. तसंच झालंय. दिवसभर किंचाळतो. शेजारचे विचारून गेले. मला हा आवाज गोड लागतो असं कुणाला सांगितलं तर वेड लागलं म्हणतील. गुणी होता तेव्हाच आम्ही फसलो.

चेतनाने बिनपगारी रजा घेतली. भरवते तीच. मला कुणी नको म्हटलं नाही, पण मीही पुढे होत नाही. ती मला लागेलसं एक शब्दही बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरची सून तिच्या लेकीला घेऊन समाचाराला आली. लेक दीड वर्षाची. "आजींना जय कर," ती म्हणाली, आणि त्या पोरीने हात जोडून मान खाली घातली. मी "नको!" म्हणून ओरडले. पोर रडायला लागली. तिच्या आईला काय सांगू? मी आत निघून आले, चेतनाने बाहेर सांभाळून घेतलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

झटके बरेच दिवस दिसलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, चांगलं आहे, पण दिसले नाहीत म्हणजे संपले असं नाही. आलेख परत काढायचा आहे. अजून हसत नाही. काल पंख्याकडे बघत होता, मग खिडकीकडे. आमच्याकडे बघितल्यासारखं सुबोधला वाटलं. मला तसं वाटलं नाही, पण मी हो म्हटलं.

घरात आता कुणी जोरात श्वास घेत नाही. तो शिंकला तरी आम्ही उभ्या राहतो. जांभई दिली तरी चेतना माझ्याकडे बघते. झोपून उठायची वेळ सगळ्यांत वाईट. तेव्हा सुबोधसुद्धा पेपर खाली ठेवतो.

आज सकाळी तो उठल्यावर चेतनाने त्याला खुर्चीत बसवलं, पट्टे लावले, आणि वाटी माझ्या हातात दिली. "आई, तुम्ही भरवा. मला तर सगळंच तसं दिसायला लागलंय. मला आता कळतच नाही."

"मला तरी कुठे कळलं होतं?"

"आता कळेल," ती म्हणाली. मला रडू आलं, पण वाटी हातात होती.

मी समोर बसले. तिने माझ्या शेजारी खाली बैठक मारली. दोन चमचे खाल्ले त्याने. पुष्कळ खातो आता. तिसरा चमचा भरत होते तेवढ्यात त्याची मान खाली गेली. चेतनाने माझं मनगट धरलं. खिमट सांडलं. मी त्याचे हात बघितले, ते ताठ नव्हते. डोळे बघितले, ते खालीच होते. तो लाळेऱ्यावर सांडलेला आधीचा घास चाटत होता. मग मान वर आली, तोंडाला खिमट लागलेलं, आणि तो बिनघोर ओठ चोखत होता.

"खातोय," मी म्हटलं. "नुसतं खातोय गं."

त्याने परत मान खाली घातली. आम्ही दोघी बघत राहिलो. तिने माझं मनगट अजून सोडलं नव्हतं.